धाकट्याच्या बोटीचा सेल्फ

आये, धाकट्याच्या बोटीला सेल्फ मी बसवून दिला. हे तुला माहीत असायचं काही कारण नाही. तू गेलीस तेव्हा त्याच्याकडे बोट नव्हती, धरणाचं पाणी त्यानं लांबूनसुद्धा पाहिलं नव्हतं, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तो साचे भरत होता आणि संध्याकाळी काळं तोंड घेऊन येळ्ळूरला घरी येत होता. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. मधल्या काळात तुला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण ते चालता-चालता, भांडी घासता-घासता मनातल्या मनात सांगून भागत होतं. हे तसं भागेना. म्हणून दुपारचं जेवण झाल्यावर कागद घेऊन बसले आहे.

फाउंड्री बंद पडली तेव्हा धाकटा पन्नाशीला टेकला होता. दुसरीकडे कुठे घेईनात. शेवटी तो बायकोच्या गावाला गेला. बेळगावहून निपाणीच्या रस्त्याला लागून मध्ये आत वळलं की धरणाच्या फुगवट्याच्या काठाला ते गाव आहे. गाव अलीकडे आणि निम्म्या गावाची रानं पलीकडे. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर दीड तास, पाण्यावरून पंधरा मिनिटं. पलीकडच्या वस्तीतले दुधाचे कॅन, वैरणीचे भारे, तिकडच्या शाळेची मास्तरीण, सगळ्यांना बोट लागायची. धाकट्यानं गोव्याहून एक जुनी फायबरची बोट आणली, तिला मागं लावायचं जुनं पेट्रोलचं इंजिन आणलं, आणि ज्याला पोहताना दम लागायचा तो माझा भाऊ नावाडी झाला. मी पहिल्यांदा त्या बोटीत बसले तेव्हा दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. तो मागं बसून इंजिनाचा दांडा एका हातानं फिरवत होता आणि मला हसत होता. "आक्का, डोळं उघड की! पाणी बघ." इतकी वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस, पाण्यावर त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

त्याला गेल्या वर्षी लकव्याचा झटका आला. बीपी होतं, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. बेळगावच्या दवाखान्यात बारा दिवस होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र खांद्याच्या वर जाईना आणि मुठीत जोर राहिला नाही. त्याचं इंजिन दोरीचं. डोक्यावरच्या चाकाला दोरी गुंडाळलेली असते, ती एका दमात छातीपर्यंत ओढायची, मग ते पेटतं. डाव्या हातानं ओढायला गेला की बोट हलायची आणि हा कलंडायचा. सकाळच्या खेपेला दूधवाला दोरी ओढून द्यायचा. पलीकडून परत यायच्या वेळी कुणी पुरुषमाणूस असला तर ठीक, नाहीतर हा काठावर बसून वाट बघायचा. एकदा मास्तरणीनं पदर खोचून दोरी ओढली. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. त्यानं मला फोन केला तेव्हा आधी पावसाचं बोलला, मग माझ्या गुडघ्याचं विचारलं, मग म्हणाला, "आक्का, ह्येला सेल्फ बसवून दे की गं. चावी फिरीवली की चालू. एक चावी फिरवायला डावा हात पुरतोय मला."

मी हो म्हणाले. आये, तू असतीस तर तूही हो म्हणाली असतीस, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण तू आधी त्याच्या बायकोला विचारलं असतंस, ते मी विचारलं नाही.

मी गेले तेव्हा इंजिन अंगणात चिंचेखाली लोखंडी घोडीवर टांगलेलं होतं. झाकण काढलं. सेल्फची मोटर जागेवर होती. म्हणजे मूळचं ते सेल्फचंच इंजिन, आधीच्या कुणीतरी तारा कापून टाकून दोरीवर चालवलेलं. समुद्रात चालल्यामुळे तांब्याला जागोजाग हिरवी कीड लागलेली. मोटर खोलून हातात घेतली आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू चुलीपुढं पाट टाकून बसली आहेस, मांडीवर फडकं, फडक्यावर कुणाच्या तरी मोटरचं आर्मेचर, आतला फिरणारा गाभा. रिवाइंडिंगच्या दुकानात जळलेल्या मोटरी दिवसभर नव्या तारेनं भरून उरलेलं घरी आणायचीस. खाचेत कागद बसवायचीस, त्यावर तार, त्यावर बांबूची बारीक पाचर. मग वॉर्निश लावून ते आर्मेचर चुलीच्या कडेला ऊबेला ठेवायचीस, आणि आमच्या भाकरीला त्या वॉर्निशचा वास यायचा. आप्पा रानातून आले की म्हणायचे, "आज कुणाची मोटर खायची हाय?" तू हसायची नाहीस. तुझ्या ओठांत तार धरलेली असायची.

मी ते आर्मेचर पिशवीत घालून बेळगावला आणलं आणि घरी, सुट्टीच्या दोन दिवसांत, तुझ्यासारखंच बसून भरलं. मी शिकवते त्या आयटीआयमध्ये यंत्र आहे, पण मला ते हातानं करायचं होतं. वेढे मोजताना ओठ हलवले. तू एकदा मला भर दुकानात कशी बोललीस ते तेव्हा आठवलंच. मी पंधराची असेन. तुझा डबा घेऊन आले होते, तू मला पाण्याच्या पंपाच्या मोटरचं एक कॉइल भरायला बसवलंस आणि बाहेर गेलीस. परत येऊन विचारलंस, "किती झालं?" मी म्हणाले, तीनशे वीस. तू माझ्याकडे बघितलंस. "मोजलंस का अंदाजानं?" तू तारेचं टोक धरलंस आणि सगळं कॉइल उलटं सोडवायला लागलीस. लेथवरचे गडी बघत होते. तार जमिनीवर ढीग होऊन पडत होती. "ही मोटर कुणाच्या तरी हिरीवर बसणार हाय. जळली तर तितं तू जाणार हाईस काय, त्येच्या पिकाला पाणी घालाय?" मला वाटलं होतं जमीन दुभंगावी. आता मी पोरांना शिकवते तेव्हा तुझंच वाक्य वापरते, फक्त जरा शुद्ध करून.

सेल्फची मोटर टेबलावर बॅटरी लावून फिरवून बघितली. झकास फिरली. पुढच्या शनिवारी सगळं सामान घेऊन गेले: जाड केबल, चावी फिरली की मोटरला करंट सोडणारा रिले, फ्यूज, चावीचा स्विच, बॅटरीला झाकणाचा डबा. भावजयीनं चहा आणून दिला आणि तिथंच उभी राहिली. ती फार बोलणारी बाई नाही. धाकटा बॅटरी आणायला घरात गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आक्का, हात चालत न्हाय म्हणून तर दोन घटका घरात बसत्यात. तुमी ह्ये जोडून दिलासा तर बसणार न्हाईत."

मी म्हणाले, "अगं, माणूस रिकामा बसला की लवकर खचतो."

"खचू देत की," ती म्हणाली. "खचल्यालं माणूस डोळ्यांम्होरं तरी असतंय."

मी ते हसण्यावारी नेलं. मला काम दिसत होतं, आये. तुला ठाऊक आहे ती ओढ. समोर उघडलेलं यंत्र असलं की माणसाचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू येतं.

दुपारी तीनपर्यंत बहुतेक सगळं झालं. बॅटरीची जाड तार रिलेला, रिलेची सेल्फला, काळी तार इंजिनाच्या अंगाला घासून स्वच्छ केलेल्या बोल्टाखाली. मग चावी लावली आणि फिरवली, तर काहीच नाही. रिले टिकदेखील करेना. शोधत-शोधत गिअरपाशी आले. तिथं एक लहानसं बटण असतं. गिअर मधोमध असेल, म्हणजे पाण्यातला पंखा सुटा असेल, तरच ते दाबलं जातं आणि चावीचा करंट पुढे जातो. गिअर पडलेला असेल तर चावी कितीही फिरवली तरी इंजिन चालू होत नाही. एवढंच त्याचं काम. ते बटण आतून पार सडलं होतं. खोललं, घासलं, पेट्रोलनं धुतलं, परत बसवलं. नाही. पुन्हा खोललं तर त्याची आतली पट्टी माझ्या बोटांतच तुटली.

धाकटा शेजारी स्टुलावर बसून होता. बॅटरी आणून दिल्यापासून उठला नव्हता. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीत कुणाच्या तरी घरी बारसं होतं आणि इकडची माणसं न्यायची होती. "झालं काय गं?" "झालं काय?" असं तो दर पाच मिनिटांनी विचारत होता, लहानपणी भोवऱ्याला गुंडाळायची जाळी विणून मागायचा तसा. माझी शेवटची बस साडेपाचची. मी तुझी पक्कड काढली. आयटीआयला नाव घातलं तेव्हा तू मला दिलेली, मुठीला तुझ्या हातची सुती पट्टी गुंडाळून वॉर्निश केलेली. ती पट्टी अजून सुटलेली नाही. त्या पकडीनं बटणाच्या दोन्ही तारा सोलल्या, एकमेकींना पीळ दिला, टेप गुंडाळला. बटण बाजूला. आता चावी कधीही फिरवा, गिअर कसाही असू दे, करंट जाणार.

मी त्याला सांगितलं, आये. सांगितलं नाही असं नाही. त्याला जवळ बोलावून दाखवलं. "हे तात्पुरतं आहे. बटण मिळालं की येऊन बसवते. तोपर्यंत गिअर मधे आहे हे बघितल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. गिअरमध्ये चालू झालं तर बोट उडी मारेल."

"मी काय ल्हान हाय काय?" तो म्हणाला. "दोन वरसं चालीवतोय."

इंजिनाचा पंख्याकडचा पाय पाण्याच्या पिंपात सोडला होता. त्यानं डाव्या हातानं चावी फिरवली. इंजिन एका दमात पेटलं. निळा धूर झाला, पिंपातलं पाणी बाहेर उसळलं, कोंबड्या पळाल्या. त्यानं बंद केलं आणि परत चालू केलं. परत बंद, परत चालू. सहा-सात वेळा. मग माझ्याकडे वळून नुसता चावीकडे हात करून मान हलवायला लागला. भावजय दारात उभी होती. ती आत गेली. मी साडेपाचची बस धरली आणि सबंध वाटभर मला इतकं छान वाटत होतं की शेजारच्या अनोळखी बाईला मी माझ्या भावाच्या बोटीविषयी सांगितलं.

बटण बेळगावात मिळालं नाही. दोन-तीन दुकानांत विचारलं. एकानं सांगितलं, असलं जुनं सामान गोव्यातच मिळेल, मच्छीमारांच्या बाजारात. पहिल्या रविवारी मी जायला निघाले होते. चोर्ल्याच्या घाटातून जाणाऱ्या बसमध्ये बसलेसुद्धा. कणकुंबीला बस थांबली, पुढे झाड पडलंय म्हणाले, दोन तास तिथं पावसात चहाच्या टपरीखाली उभी राहिले आणि परत फिरले. दुसऱ्या रविवारी आयटीआयच्या प्रॅक्टिकल परीक्षांची तयारी. तिसऱ्या रविवारी काही नव्हतं. खरंच काही नव्हतं. मी कपडे धुतले, डोक्याला तेल लावलं, दुपारी झोपले. धाकट्याचा फोन आला की मी विचारायचे, गिअर बघतोस ना? तो म्हणायचा, व्हय गं बाई, बघतोय. मग मला वाटायचं, चाललंय की. पाच आठवडे असे गेले.

मग एके दिवशी, सकाळी नऊचा सुमार होता. पलीकडच्या काठाला बोट नेऊन त्यानं तिचं तोंड चिखलात घुसवलं आणि चावी बंद केली. गिअर पुढचाच राहिला. माणसं उतरली. हा उभा राहिला, बांबूनं रेटा देऊन बोट मागं घेतली, आणि उभ्याउभ्याच खाली वाकून चावी फिरवली असणार. एक बाई काठावर वैरण बांधत होती, तिनं बघितलं. ती म्हणते, बोट घोडं बिथरावं तशी पुढं गेली आणि हा मागच्या बाजूनं पाण्यात पडला. डावा हात वर आला, पुन्हा आला, मग दिसेना. ती ओरडली. दूधवाला वस्तीकडे निघाला होता, तो कॅन टाकून पळत आला आणि त्यानं उडी घेतली. बोट तशीच वळून-वळून फिरत होती, त्यामुळे त्याला जवळ जाता येईना. शेवटी ती बुडालेल्या झाडाच्या खुंटाला जाऊन अडकली. तोवर किती वेळ गेला कुणी सांगू शकत नाही. त्याला बाहेर काढलं तेव्हा ओठ जांभळे झाले होते.

मला वर्गावर फोन आला. दवाखान्यात पोचले तेव्हा नाकाला नळी लावलेली, छातीत पाणी गेल्यामुळे श्वास घरघरत होता. तीन दिवस तसाच. चौथ्या दिवशी डोळे उघडून माणसं ओळखायला लागला. डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, काय झालं होतं? पाय घसरला का? भावजय उशापाशी होती, मी पायापाशी. धाकट्यानं डोळे फिरवून मला शोधलं. माझ्याकडे बघत-बघत तो डॉक्टरांना म्हणाला, "चक्कर आली. उठलो तशी चक्कर आली."

आये, मी तिथं उभी होते. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी तो खाली ठेवला.

भावजय घरून कपडे आणायला गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "अरे, ते बटण..."

"गप आक्का."

"मी सांगते डॉक्टरांना. सगळ्यांना सांगते."

"कशाला? सांगून माझा हात बरा हुतोय काय? तुझं नाव कुणी घ्यायला नगं. तू जोडून दिलीस म्हणून पाच आठवडं मी कुणापुढं हात पसरला न्हाय." मग दम लागला म्हणून तो थांबला. थोड्या वेळानं म्हणाला, "त्येचं नाव काढू नगंस. शपथ हाय तुला." कुणाची शपथ, ते त्यानं सांगितलं नाही. मला वाटतं तुझीच असेल.

सहाव्या दिवशी त्याला दुसरा झटका आला. तो मोठा होता. आता तो घरी आहे, पुढच्या सोप्यात खाटेवर. भरवलं तर खातो. कुशीवर वळवलं तर वळतो. बोलणं पार गेलं. घशातून एक आवाज काढतो, भूक लागली तरी तोच, माशी बसली तरी तोच. डोळे मात्र पूर्वीचेच आहेत. मी गेले की दारापासून खाटेपर्यंत ते माझ्याबरोबर चालत येतात.

एवढंच असतं तरी मी गप्प राहिले असते, त्यानं शपथ घातली म्हणून. पण आये, त्याच्या त्या एका खोट्यानं काय केलं ते ऐक. मागच्या महिन्यात मी गेले होते, भावजय त्याचे पाय पुसत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आक्का, एक गोळी चुकली तर चक्कर येती काय हो?"

"कसली गोळी?"

"बीपीची. त्या दिवशी सकाळी दळण न्यायचं हुतं. मी घाईत हुते. गोळी द्यायची इसरले मी. रोज मीच देत हुते. एक दिवस इसरले, आनि त्याच दिवशी चक्कर आली बघा."

मी म्हणाले, "एका गोळीनं तसं काही होत नसतं गं." ती म्हणाली, "तुमी मला बरं वाटावं म्हणून म्हणताय." आणि पुन्हा पाय पुसायला लागली, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. तिनं हे आणखी कुणाला सांगितलेलं नाही. त्याचं सगळं काढताना, धुताना, कूस बदलताना ती कधीच कुरकुर करत नाही. मी तिला सोशीक समजत होते. ती शिक्षा भोगते आहे, आणि ती शिक्षा तिची नाही.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. त्याच वेळी खाटेवरून तो आवाज आला. धाकटा माझ्याकडे बघत होता. सांग म्हणत होता की नको म्हणत होता, मला कळलं नाही. मी त्याच्या तोंडाची लाळ पुसणारी सख्खी बहीण, त्याच्या भोवऱ्याला जाळी विणणारी, आणि मला त्याच्या एका आवाजाचा अर्थ लावता येत नाही. भावजय म्हणाली, "पाणी पायजे वाटतंय." तिनं चमच्यानं पाणी पाजलं. वेळ निघून गेली.

मग गेल्या रविवारी तिचा फोन. इंजिन पडून-पडून गंजायला लागलंय, वरच्या अंगाच्या गावातला एक माणूस घ्यायला येतोय, तर आक्का, तुम्ही येऊन त्याला सेल्फ कसा चालतो तेवढं दाखवा. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं गेले. तो माणूस यायच्या आधी पोचायचं होतं. इंजिन गोठ्यात भिंतीला टेकून ठेवलेलं. झाकण काढलं. माझा टेप तसाच होता, नीट गुंडाळलेला, कडा चिकटलेल्या. काम चांगलं झालं होतं. मी तो पीळ तोडला. तेवढ्यावर मन भरेना म्हणून रिले काढला, चावी काढली, दोन्ही केबली काढल्या आणि पिशवीत भरल्या. तो माणूस आला तेव्हा इंजिनावर दोरीशिवाय काही नव्हतं.

"सेल्फ हाय म्हणालता की," तो म्हणाला.

"नाही. बिघडला. दोरीनंच चालू करायचं." मी दोरी ओढून दाखवली. माझ्या या वयात चार वेळा ओढावी लागली. त्यानं इंजिन नेलं.

भावजय गोठ्याच्या दारात उभी होती. ती रागावली नव्हती, तिला नुसतं नवल वाटलं होतं. "आक्का, चालत हुता की सेल्फ. त्येनी सात-सात बार चालू करून बघितल्यालं मी बघितलंय. तुमी एवढं खपून जोडलासा आनि आता का तोडलासा?"

मला वाटलं, आता. आता तिनंच विचारलंय. एवढं सोपं पुन्हा कधी होणार नाही. गोठ्यात आम्ही दोघीच, धाकटा तिकडे सोप्यात. मी म्हणाले, "पाण्यातलं काम आहे. जुन्या तारांचा भरवसा नाही." ती म्हणाली, "व्हय, ते बी खरं." आणि चहा टाकायला गेली. चहा पिऊन मी धाकट्याचे केस विंचरले, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि साडेअकराच्या बसनं परत आले. मांडीवर ती पिशवी होती.

तिला सांगितलं तर ती मोकळी होईल का, की त्या दिवशी चहा देताना, हे जोडू नका म्हणून सुचवलं होतं ते आठवून आणखी खचेल? सांगितलं तर ती मला पुन्हा त्याच्या खाटेपाशी बसू देईल का? नाही सांगितलं तर आणखी किती वर्षं ती त्या एका गोळीसाठी त्याचे पाय पुसत राहील? मी रोज सकाळी एक ठरवते आणि दुपारपर्यंत दुसरं. तू असतीस तर तुझ्या पद्धतीनं टोक धरून सगळं उलटं सोडवलं असतंस, चारचौघांसमोर. मला ते टोकच धरवत नाही. भावजयीला मी तीनदा फोन केला आणि तीनही वेळा पावसापाण्याचं बोलून ठेवला.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही आणि तुझ्यापर्यंत ते पोचवायची सोय नाही. लिहून झालं की फाडेन, नाहीतर कपाटात कागदाखाली सारेन, अजून ठरवलेलं नाही. फक्त एक राहिलं. परवा वर्गात सुरक्षेच्या स्विचांचा धडा होता. मी फळ्यावर गिअरच्या बटणाची आकृती काढली आणि पोरांना हे सगळं सांगितलं. बोट, पाणी, दोन तारांचा पीळ, सगळं. फक्त म्हणाले, "एका मेकॅनिकनं घाईत असं केलं." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मग त्या मेकॅनिकचं काय झालं?"

मी फळ्याकडे वळले आणि आकृती पुसायला लागले. "काही नाही झालं," म्हणाले, आणि पुढचं पान काढायला सांगितलं.